मिनिटाला अठरा बुडबुडे

यंत्राचं खोकं चौथ्या मजल्यावर पोचलं त्या दिवशी एवारिस्तो बोन्फान्तीनं दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मगच सुरी घेऊन खोक्याची चिकटपट्टी कापली. निवृत्त झाल्यापासून त्यानं इस्त्रीचा शर्ट दोनदाच घातला होता, आणि त्यातला एक प्रसंग मयताचा होता. खोक्यातून हातभर उंचीचं पारदर्शक नळकांडं निघालं, छोटा पंप निघाला, नळ्यांची भेंडोळी निघाली आणि तळाशी एक माहितीपुस्तिका निघाली. ती सात भाषांत होती आणि त्यांत स्पॅनिश नव्हती.

"निल्दा, इकडे ये," तो स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाला. "आपल्या सुटकेचं यंत्र आलं."

निल्दा हात पुसत आली. तिनं नळकांड्याकडे पाहिलं, नवऱ्याच्या शर्टाकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसली. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती. उभ्यानं ऐकायच्या गोष्टी कुठल्या आणि बसून ऐकायच्या कुठल्या, हे तिला कळत होतं.

काबाशितो वस्तीतल्या बाकीच्या घरांत जिथं सोफा आणि टीव्ही असतो, तिथं बोन्फान्तींच्या घरी समुद्र होता. सहाशे लिटर खारं पाणी, भिंतभर लांब काच, आणि आत पोवळ्यांची रंगीबेरंगी वसाहत. सोफा केव्हाच बोळकांडीत गेला होता, त्यामुळे पाहुणे दवाखान्यात नंबर लावल्यासारखे ओळीनं बसत. वसाहतीच्या मधोमध फांद्याफांद्यांचं जांभळं पोवळं होतं. अकरा वर्षांपूर्वी आणलं तेव्हा ते अंगठ्याएवढं होतं, आता बादलीत मावलं नसतं. पोवळी आपलं घर चुन्यानं बांधतात आणि टाकीतला चुना संपत राहतो, म्हणून एवारिस्तो रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला चमच्यानं पावडर मोजून पाण्यात सोडायचा. या चमच्यापायी नवरा-बायको अकरा वर्षांत दोन दिवसांच्या वर कुठं गेले नव्हते. मुलगी आयलेन पार नेउकेनला राहायची. तिच्या लग्नाला एवारिस्तो दीड दिवस होता, आणि त्यातला निम्मा वेळ तो दाराबाहेर उभा राहून फोनवर पुतण्याला चमचे सांगत होता. लग्नाच्या फोटोत वधूपित्याच्या जागी एक पाठ दिसते.

आता आयलेन बाळंत व्हायची होती, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. निल्दानं तीस जुलैच्या बसची दोन तिकिटं काढून फ्रिजवर चुंबकानं लावून ठेवली होती.

"मी भांडणार नाही," तिकिटं लावताना ती म्हणाली होती. "पण या वेळी तू आला नाहीस, तर बाळाला मी एवढंच सांगेन, की तुझे आजोबा पाण्याखाली राहतात."

म्हणून हे यंत्र. एवारिस्तो ते समजावून सांगायला लागला तेव्हा त्याला बसवेना.

"हे बघ. या नळकांड्यात मेलेल्या पोवळ्याचे तुकडे भरायचे. टाकीचं पाणी त्यातून फिरवायचं आणि त्यात सोड्याचा गॅस सोडायचा, एकेक बुडबुडा. पाणी आंबट होतं, तुकडे विरघळतात आणि चुन्याचं पाणी थेंब थेंब टाकीत पडत राहतं. आपोआप. आपण नेउकेनला, आणि इथं बुडबुडे आपलं काम करतायत."

"म्हणजे मेलेल्या नातेवाइकांचं विरघळवून जिवंतांना पाजायचं," निल्दा म्हणाली. "तुझ्या बहिणीनं तुझ्या आईच्या दागिन्यांचं केलं तसं."

"तसंच. पण शास्त्रीय."

"आणि गॅस कुठून आणणार आहेस, लठ्ठ्या?" एवारिस्तो काडीसारखा होता, लठ्ठ्या हे लाडाचं नाव होतं, आणि त्यातला लाड दिवसेंदिवस पातळ होत चालला होता.

हा प्रश्न माहितीपुस्तिकेनं सातही भाषांत वाचकावर सोडला होता.

आग विझवायचे सिलिंडर विकणाऱ्या दुकानात त्याला विचारलं, "आग कुठं आहे?" आग नाही, पोवळी आहेत, असं त्यानं सांगितल्यावर दुकानदारानं आतून भागीदाराला बोलावलं आणि तेच पुन्हा सांगायला लावलं. बीयरच्या पिंपांना गॅस देणाऱ्यानं विचारलं, "पाहुणे किती?" पाहुणे एकही नाहीत हे कळल्यावर त्याला फार वाईट वाटलं आणि त्यानं एवारिस्तोच्या पाठीवर हात ठेवला. गॅस भरणाऱ्या कारखान्यात फॉर्म होता. फॉर्म दिसताच एवारिस्तोला हुरूप आला, कारण त्यानं अडतीस वर्षं एका नोटरीच्या कचेरीत काढली होती आणि कोऱ्या रकान्यांत त्याला माणसांपेक्षा जास्त आपलेपणा वाटायचा. पण 'धंदा' या रकान्यात त्यानं 'निवृत्त' लिहिलं, आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

तारणहार निघाला अन्सेल्मो सोडेवाला. गेली वीस वर्षं दर गुरुवारी तो सोड्याच्या दाबाच्या बाटल्यांचा, म्हणजे सायफनांचा, खोका वर आणून ठेवायचा आणि रिकामे सायफन घेऊन जायचा. एवारिस्तो शहरभर पायपीट करत होता आणि गॅस दर आठवड्याला त्याच्याच दाराशी येत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ते काही उगीच म्हणत नाहीत.

"सिलिंडर ना? आमच्या कारखान्यात पडलेत की," अन्सेल्मो म्हणाला. "दहा किलोचा आणतो. पण हा पाजायचा कोणाला?"

"पोवळ्यांना."

अन्सेल्मोनं टाकीकडे पाहून थोडा विचार केला. "थोडी वाईन घाला त्यात. माझ्या आजोबांना नुसता सोडा कधी सोसला नाही."

सिलिंडर आला आणि लिफ्टपाशी अडला. सेफेरिनो हा इमारतीचा रखवालदार. झाडलोट करणं, पत्रं वाटणं आणि सगळ्यांची गुपितं सांभाळणं ही त्याची कामं होती. सांभाळणं म्हणजे एका जागी न ठेवता घरोघरी थोडी थोडी ठेवणं. त्यानं लिफ्टची जाळी धरून ठेवली. माणसांच्या लिफ्टमधून सामान न्यायचं नाही, असा नियम होता. सामानाच्या लिफ्टमधून न्यायला हरकत नव्हती, फक्त ती लिफ्ट चौदा वर्षं बंद होती. शेवटी अन्सेल्मो पुढे आणि एवारिस्तो मागे, असा तो लोखंडी जीव जिन्यानं वर निघाला. तिसऱ्या मजल्यावर एवारिस्तोचा हात सुटला. सिलिंडरला काही झालं नाही, पण तो जिथं आदळला, ती भिंत इर्मा शुस्तेर यांच्या दवाखान्याची होती.

इर्माबाई मनोविश्लेषक. त्या गळ्यात रुमाल बांधून दारात आल्या.

"आत कोचावर माझा एक पेशंट आहे," त्या म्हणाल्या. "तो सात महिने एक शब्द बोलला नव्हता. आत्ता किंचाळला."

"मला माफ करा, सेन्योरा इर्मा."

"त्याच्यासाठी चांगलंच झालं. पण इमारतीत तुम्ही गॅसचा सिलिंडर आणलाय, ते मी कळवणार आहे."

आणि त्यांनी कळवलं. इमारतीचा कारभार पाहणाऱ्या पिन्येइरोबाईंची नोटीस लिफ्टच्या आरशावर लागली: नियम चौदा, इमारतीत गॅसचे सिलिंडर आणण्यास मनाई आहे. एवारिस्तोनं चार पानी उत्तर लिहिलं. स्वयंपाकाचा गॅस वेगळा आणि सोड्यातला गॅस वेगळा. एक पेटतो, दुसरा पेटलेलं विझवतो. सबब नियम चौदा येथे लागू होत नाही. बाईंचं एका ओळीत उत्तर आलं: सक्षम अधिकाऱ्याचा दाखला आणावा.

दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. एवारिस्तोचे डोळे भरून आले. निवृत्तीनंतरच्या दोन वर्षांत त्याच्याकडे कोणी दाखला मागितला नव्हता.

गॅसच्या बाबतीत सक्षम अधिकारी कोण? गॅस कंपनी. तो खाली, सेफेरिनोच्या टेबलावरच्या फोनपाशी गेला. नंबर कुठला फिरवतोय हे कळल्यावर सेफेरिनोनं हातातली केरसुणी टाकली.

"सेन्योर बोन्फान्ती, फोन खाली ठेवा. पोलिसांना बोलवा, बिशपला बोलवा, सासूला बोलवा. पण गॅसवाल्यांना आपल्या पायांनी इमारतीत आणू नका."

"मला फक्त एक कागद हवाय."

"कोपऱ्यावरच्या इमारतीला पण फक्त एक शंका विचारायची होती. दोन वर्षं झाली. अजून अंडी इलेक्ट्रिकच्या किटलीत उकडतात."

"त्यांच्याकडे गळती असेल, सेफेरिनो. आपल्याकडे काय आहे?"

या शहरात तान्ह्या पोराला सुद्धा ठाऊक आहे, की गॅसचा वास आला तर खिडकी उघडावी, देवाचं नाव घ्यावं आणि गप्प बसावं. पण एवारिस्तोचा शिक्क्यावर विश्वास होता, आणि विश्वास म्हटला की शहाणपण अंमळ दूर बसतं.

दोघं निरीक्षक आले, अगदी सभ्य माणसं. त्यांनी सिलिंडर पाहिला, हसले, "हा आमचा नव्हे, सोड्याचा आहे," असं म्हणाले. एवारिस्तोनं अदबीनं विचारलं, हे लेखी मिळेल का. मिळालं. खाली तारीख, सही आणि निळा गोल शिक्का. एवारिस्तोला इतका आनंद झाला, की त्यानं त्यांना थांबवून कॉफी पाजली. कॉफीमुळे त्यांना उशीर झाला नाही, उलट उत्साह आला. आलोच आहोत तर तळघरातले मीटरही बघून टाकू, असं त्यांचं ठरलं. त्यांनी वास घेणारं यंत्र तळघरातल्या पाइपावर धरलं आणि यंत्र टिटवीसारखं ओरडायला लागलं.

दुपारी बारा वाजता सबंध इमारतीचा गॅस बंद झाला, आणि त्याबरोबर शेगड्या, गरम पाणी आणि हीटरही. मुख्य नळावर लाल पट्टी बसली. निरीक्षकांनी जाताना एवारिस्तोचे पुन्हा आभार मानले, फोन केल्याबद्दल. आभार सेफेरिनोच्या समोर मानले गेले, त्यामुळे साडेबारापर्यंत दहाही मजल्यांना कळलं होतं, की हे विकतचं दुखणं कोणी आणलं. ती जुलैची अकरा तारीख होती, तिथला ऐन हिवाळा, आणि बाहेर चार अंश होते.

संध्याकाळी खालच्या दिवाणखान्यात सभा भरली. सगळे कोट घालून आले. पिन्येइरोबाईंनी पुढचा क्रम सांगितला: परवानाधारक प्लंबर, मग नकाशे, मग पाइपांची तपासणी, मग अर्ज, मग पुन्हा तपासणी. नोव्हेंबर, सगळं सुरळीत झालं तर. नाही झालं तर, असं कोणीतरी विचारलं, तेव्हा सेफेरिनोनं नुसतं कोपऱ्यावरच्या इमारतीकडे बोट केलं.

"कॅल्शियमच हवं होतं तर दूध पाजायचं," पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर लिपाविच म्हणाले. "मी सगळ्यांना तेच सांगतो."

एवारिस्तो उठला. त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. "माझा सिलिंडर संपूर्ण निर्दोष असल्याचा दाखला माझ्याकडे आहे. वाचून दाखवू का?"

सभेनं त्याला वाचू दिलं नाही. अडतीस वर्षांच्या नोकरीत शिक्क्याच्या कागदाचा असा अपमान त्यानं पाहिला नव्हता, आणि तो लागला त्याला, स्वतःच्या अपमानापेक्षाही जास्त. दुसऱ्या दिवसापासून लिफ्टमध्ये त्याच्याशी कोणी बोलेना. पाचव्या मजल्यावरच्या सेन्योरा पेत्रोना तर तो आत आला की पाठ फिरवून उभ्या राहायच्या, आणि लिफ्ट इतकी अरुंद होती, की त्यांचं नाक जाळीला टेकायचं. निल्दानं टॉवेल आणि साबण पिशवीत घातला आणि आंघोळीला बहिणीकडे फ्लोरेसला जायला लागली, बसनं, एक दिवसाआड.

खरं सांगायचं तर एवारिस्तोला लाज वाटत होती. पण लाजेच्या खाली उत्साह रटरट उकळत होता. दाखला मिळाला होता, सिलिंडर घरात होता, तीस तारखेला अजून अवकाश होता. त्यानं नळकांड्यात पोवळ्याचे तुकडे भरले, नळ्या जोडल्या, पंपाची पिन बोर्डात घातली आणि निल्दाला हाक मारली. बटण दाबलं. तीन सेकंद सगळं छान चाललं. चौथ्या सेकंदाला वरची नळी निसटली आणि समुद्राच्या पाण्याचा फवारा छताला लागला, तिथून दिव्यावर, दिव्यावरून सासूबाईंच्या तसबिरीवर आणि शेवटी लाकडी जमिनीच्या फटींतून खाली.

पाच मिनिटांत इर्माबाई दारात होत्या. कोट, लोकरी टोपी, हातमोजे, वर शाल.

"माझ्या छतातून समुद्र गळतोय," त्या म्हणाल्या. "माझ्या धंद्यात याचा अर्थ लावणं सोपं आहे. पण मी चाखून पाहिलं, खरंच खारट आहे."

एवारिस्तो पोतेरं घेऊन गुडघ्यांवर बसला होता. त्यानं मान खाली घातली आणि पुढच्या वाक्याची वाट पाहिली. इर्माबाईंनी एक हातमोजा काढला. मग दुसरा. मग शाल, मग टोपी.

"इथं गरम आहे," त्या म्हणाल्या.

होतंच. पोवळ्यांना पंचवीस अंशांच्या खाली चालत नाही. टाकीत हीटर, वर दिव्यांची रांग, आणि सहाशे लिटर कोमट पाणी रात्रंदिवस खोलीला ऊब देत होतं. दहा मजल्यांच्या थंडगार इमारतीत ही एकच खोली उबदार होती, आणि तिच्या मालकाशी कोणी बोलत नव्हतं.

इर्माबाई तासभर बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, की चार वाजताचा पेशंट वर आणला तर चालेल का. तिसऱ्या दिवशी सेन्योरा पेत्रोना विणकाम घेऊन आल्या. बोलल्या नाहीत, पण बसल्या. मग लिपाविच आले, मग सेफेरिनो येर्बाचा, म्हणजे तिथल्या कडवट चहाचा, तुंबा आणि गरम पाण्याचा थर्मास घेऊन आला. तुंबा हातोहात फिरायला लागला, एकाच नळीनं सगळे ओढायला लागले, आणि एकाच नळीनं ओढणाऱ्या माणसांना फार काळ अबोला धरता येत नाही. बोळकांडीतला सोफा आत आला. निल्दानं करंज्यांसारख्या एम्पनाडा तळायला इलेक्ट्रिकची कढई घेतली.

या सगळ्यांच्या साक्षीनं पहिला बुडबुडा निघाला. सिलिंडरच्या तोंडाशी पितळी चावी होती, तिच्यापुढे पाण्याची छोटी कुपी, आणि कुपीतून गॅस एकेक बुडबुड्यानं नळकांड्यात जायचा. एवारिस्तोनं श्वास रोखून चावी केसभर फिरवली. काही नाही. अजून केसभर. कुपीच्या तळाशी एक मणी फुगला, सुटला, वर गेला.

"एक," सेन्योरा पेत्रोना म्हणाल्या. एवारिस्तोशी त्यांनी बोललेला तो बारा दिवसांतला पहिला शब्द होता.

मग सगळेच मोजायला लागले, मोठ्यानं. मिनिटाला अठरा, असा हिशेब एवारिस्तोनं काढला होता, आणि लिपाविचच्या घड्याळावर अठरा भरले तेव्हा सेफेरिनोनं टाळ्या वाजवल्या. खालच्या नळीतून चुन्याचा पहिला थेंब टाकीत पडला. एवारिस्तोनं निल्दाकडे पाहिलं. निल्दा हसत होती, आणि ती अशी हसलेली त्यानं बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती.

इथं गोष्ट संपली असती, जर एवारिस्तोनं चावीला पुन्हा हात लावला नसता.

त्याला वाटलं, अठरा थोडे कमी पडतायत. त्यानं बावीस केले. संध्याकाळी पाण्यात औषधाचे थेंब टाकून तपासलं तर चुन्याचा आकडा चढला होता, म्हणून त्यानं पंधरा केले. सकाळी आकडा पडला, मग सव्वीस. लोकांचे सल्ले होतेच. लिपाविच म्हणायचे वाढवा. सेन्योरा पेत्रोना म्हणायच्या कमी करा, त्या बिचाऱ्याला ढेकर येत असतील. गुरुवारी अन्सेल्मो सायफन ठेवायला आला, कुपीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आमच्याकडे चावी एकदाच फिरवतात आणि मग घरी जातात." एवारिस्तोनं त्याला समजावलं, की सोडा वेगळा आणि विज्ञान वेगळं. तो दिवसातून सात-आठ वेळा चावी फिरवत होता, दर वेळी केसभर, दर वेळी अगदी रास्त कारणासाठी.

अठ्ठावीस तारखेला सकाळी जांभळ्या पोवळ्याच्या फांद्यांची टोकं पांढरी पडलेली दिसली.

अकरा वर्षांत जे अंगठ्याएवढ्याचं बादलीएवढं केलं, ते पाच दिवसांत मरायला टेकलं होतं, आणि तेही जे यंत्र त्यानं सुटकेसाठी आणलं त्यापायी. तो दिवसभर काचेला नाक लावून बसला. संध्याकाळी निल्दा बॅग भरत होती तेव्हा तो दारात आला.

"तू पुढं जा," तो म्हणाला. "मी दोन दिवसांत हे ठीक करतो आणि मागोमाग येतो. दोनच दिवस."

निल्दा भांडली नाही. तिनं बॅगेतून त्याचा एक शर्ट काढला, कपाटात ठेवला. मग दुसरा. तिसरा इस्त्रीचा होता, तो हँगरला लावून बटणं घातली, वरून खालपर्यंत, एकेक. मग तिनं बॅगेची चेन ओढली. अर्धी बॅग रिकामी होती, तरी तिनं ती तशीच बंद केली.

एवारिस्तो बाहेर येऊन सोफ्यावर बसला. त्याला लग्नाच्या फोटोतली ती पाठ दिसत होती. आपण वाईट माणूस आहोत असं त्याला वाटलं, आणि त्याच वेळी कुपीत बुडबुडे जरा भरभर चाललेत असंही वाटलं. त्याचा हात चावीकडे गेला.

"चावी कोण फिरवतं?" इर्माबाईंनी विचारलं. त्या कोपऱ्यात बसून वही लिहीत होत्या. चार वाजताचा पेशंट नुकताच गेला होता.

"मी. दुसरा कोण?"

"दिवसातून किती वेळा?"

"गरज पडेल तशी."

"कोणाची गरज?"

एवारिस्तोनं हात चावीवरून मागे घेतला. पंप घरघरत होता. इर्माबाईंनी वही मिटली.

"आज इथंच थांबू," त्या म्हणाल्या. पेशंटला त्या अगदी याच सुरात उठवायच्या, आणि एवारिस्तो सवय नसूनही उठला. मग बाईंनी पर्समधून पायाच्या जखमेला लावायची पांढरी चिकटपट्टी काढली, सोफ्यावरच्या लिपाविचकडून मोजून घेत चावी अठरा बुडबुड्यांवर आणली आणि तिला चार वेढे दिले. पट्टीवर पेननं सही केली. एवारिस्तोनं शेजारी तारीख घातली, कारण तारखेशिवाय सहीला अर्थ नसतो.

"घराची किल्ली माझ्याकडे द्या," बाई म्हणाल्या. "मी कशालाही हात लावणार नाही. त्याचंच माझं शिक्षण झालंय."

तो आत गेला. कपाट उघडून इस्त्रीचा शर्ट काढला, बाकीचे दोन काढले, निल्दाच्या हातून बॅग घेतली, चेन उघडली आणि शर्ट आत घातले. तीस तारखेला रेतिरोच्या बसस्थानकावरून बस सुटली तेव्हा तो खिडकीपाशी बसला होता, आणि शहर संपेपर्यंत त्याची बोटं कसली तरी न दिसणारी चावी फिरवत होती. निल्दानं शेवटी तो हात आपल्या हातात धरून ठेवला.

पाच ऑगस्टला दुपारी आयलेनला मुलगी झाली. एवारिस्तो दवाखान्याच्या दाराबाहेर होता, आणि नर्स बाहेर आली तेव्हा त्याचं तोंड दाराकडे होतं. त्यानं फोन निल्दाकडे देऊन टाकला होता. नात लालबुंद होती, मुठी आवळलेली, आणि रडताना सगळा दवाखाना गोळा करत होती. एवारिस्तोला रडू फुटलं. जावयानं फोटो काढला. त्यात आजोबा चांगले दिसत नाहीत, पण दिसतात.

आठवड्यानं, सगळे आयलेनच्या घरी असताना, इर्माबाईंचा फोन आला. एवारिस्तो तो घेऊन अंगणात गेला.

"बोला. मला सगळं सांगा. वाईट असलं तरी."

"पांढरी टोकं गेली," इर्माबाई म्हणाल्या. "नवी फुटलीत. लिपाविचनी दातांच्या सुईनं मोजली, दीड मिलिमीटर."

"तुम्ही काय केलंत? चावी किती फिरवली?"

"पट्टी तशीच आहे. तुमच्या तारखेसकट."

"म्हणजे कोणी काहीच केलं नाही?"

"काहीच नाही. तुम्ही गेलात तेव्हापासून सुधारायला लागली. माझे पेशंटही सुधारलेत. तो मुका होता ना, तो आता पन्नास मिनिटं सलग बोलतो, पोवळ्यांशी. सेन्योरा पेत्रोना स्वेटर संपवून दुसरा विणतायत. प्लंबर म्हणतो नोव्हेंबर. म्हणून म्हणते, सेन्योर बोन्फान्ती, घाई करू नका. नातीचे लाड करा. सप्टेंबरपर्यंत तरी करा."

एवारिस्तोला आनंद झाला आणि अपमानही झाला, आणि आधी काय झालं ते त्याला ठरवता येईना. त्यानं आभार मानले, फोन ठेवला आणि अंगणात बराच वेळ उभा राहिला. वारा बोचरा होता. मग छाती पुढे काढून तो आत आला.

"काय म्हणाल्या इर्मा?" निल्दानं विचारलं. ती बाळाला खांद्यावर घेऊन थोपटत होती.

"परत या म्हणून मागेच लागल्या होत्या," एवारिस्तो म्हणाला. "तुमच्याशिवाय इथलं पान हलत नाही म्हणाल्या. मी स्पष्ट सांगितलं, जमायचं नाही. मला इथं काम आहे. एक महिना तरी."

निल्दानं मान डोलावली. इर्माबाईंचा फोन तिला सकाळीच येऊन गेला होता, आणि महिना किती दिवसांचा धरायचा हेही दोघींचं ठरून झालं होतं.

"बरं केलंस," ती म्हणाली. "बस इथं. मान हातावर घे, अशी. आता झोपेल ती. काही करू नकोस."

एवारिस्तो बसला, आणि त्यानं दीड तास काहीही केलं नाही.